माझ्या रक्ताला काय झालंय!

११ फेब्रुवारी १९३६, मंगळवार. दुपार.
मिलच्या गेटवर दुसऱ्या तालमीची माणसं आली. जत्रेतल्या कुस्तीच्या निकालावरून बाचाबाची. मी शांत राहायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणूनच फक्त एकाच्या तोंडावर ठोसा मारला. दोन दात पडले. मग लाठ्या निघाल्या, डोकी फुटली. माझा पठ्ठ्या धोंडीराम मला वाचवायला मध्ये घुसला आणि त्याच्या मांडीत सुरा बसला. वाचवायची गरज नव्हती. मी नुसता पाय घसरून पडलो होतो. रक्ताची चिळकांडी उडाली. टांग्यात घालून हॉस्पिटल.

१२ फेब्रुवारी. सकाळ.
टाके तुटून जखम पुन्हा फुटली. चादर, गादी, फरशी, सगळं लाल. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याचं रक्त भरलं नाही तर हा वाचत नाही. त्याची बायको मायाक्का हात पुढं करून म्हणाली, माजं घ्या की. तिला पाचवा महिना. डॉक्टर म्हणाले, बाई, तुमच्या पोटातल्याला ते लागतंय.
मग मी शर्ट काढला. सांगितलं, तीस वर्षं तालीम, शेरभर काढा. डॉक्टरांनी पोट दाबलं, डाव्या बरगडीखाली सुजलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागली. थंडी वाजून ताप येतो का म्हणाले. मी खरं तेच सांगितलं. ताप नाही. एक दिवसाआड जरा हुडहुडी भरते, ती व्यायामाची. ते म्हणाले, वस्ताद, हा हिवताप, तुमच्या रक्तातून सरळ त्याच्या अंगात जाईल. मी त्यांची कॉलर धरली. कंपाउंडर इलाहीबक्षनं मला जिन्यावरून खाली आणलं. पायऱ्या सहा. पाठीनं मोजल्या.

त्याच दिवशी, ४ वाजता.
पोस्टात हिवतापावरचं क्विनाईन विकतात, ते आणून सगळं एकदम घेतलं. हिवताप उद्यापर्यंत खलास. कानात मिलचा भोंगा वाजतोय.
तालमीतले दोघे नेले. मंद्रूपचा धुळा, नुसता बैल. पण गेल्या पावसाळ्यात कावीळ झालेली. बाद. बिरप्पाला डॉक्टरांनी हळूच गरमीच्या रोगाबद्दल विचारलं. तो म्हणाला, मला रानात लई काम हाय, आणि पळाला. रस्त्यात गाठून त्याला दोन ठेवून दिल्या. नाक फुटलं. एवढं रक्त फुकट मातीत गेलं.

१३ फेब्रुवारी. दुपार.
सकाळी अर्धा शेर खजूर खाऊन पुन्हा हजर. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली. थेंब फिका. म्हणाले, हिवतापानं पंडुरोग झालाय, तुम्हालाच कुणीतरी रक्त द्यायला पाहिजे. भिंतीवर बुक्की मारली. भिंत दगडी. बोटं सुजली.
धोंडीराम राखेसारखा पडलेला, नखं पांढरी. मायाक्का माझ्यावर ओरडली, तुमी हाणामारी केली नसती तर ह्यो आज मागावर उभा असता की! दुःखात माणूस काहीही बोलतं. तरी जेवण गेलं नाही.
डबा घेऊन आमची बायको सुंदरम्मा आली होती. तिनं डॉक्टरांना विचारलं, माजं चालंल का? मी हसलो. एवढीशी बाई, सगळ्यांच्या मागून जेवणारी. डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, कावीळ नाही, थेंब लालभडक, रक्त धोंडीरामच्या रक्ताशी जुळलं. बाटलीभर काढलं. मी शेजारी उभा होतो. नंतर मी खाली आडवा होतो आणि इलाहीबक्ष तोंडावर पाणी मारत होता. त्या खोलीत हवाच खेळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
धोंडीराम वाचला. शुद्धीवर येऊन म्हणाला, काकी कुटं हाईत? मला कुणी विचारलं नाही. गर्दीच फार होती.
सुंदरम्माला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, म्हणून चूल मी पेटवली. भात करपला. अकरा वाजता हुडहुडी. आज जोर जरा जास्त. खाट भिंतीवर आपटत होती. सुंदरम्मानं उठून दोन वाकळा टाकल्या. तरी थांबेना, तेव्हा माझ्या छातीवरच बसली. सुटायला येतील तेवढे डाव केले. एकही लागला नाही. ती म्हणाली, गप पडा, मला झोप आलीया. आणि तशीच बसल्या बसल्या झोपली.