सरूबाईचे शेवटचे कडवे

मी, कांताबाई दादासाहेब वाहूळ, वय ७३, व्यवसाय गायन, राहणार क्रॉयडन, लंडन. गुडघे गेले, पण डोके आणि गळा शाबूत आहे. हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली लिहिलेले नाही. दडपणाखाली मी कधी गायलेसुद्धा नाही.

१. राहते घर मुलगी मनाली हिला. बँकेतली शिल्लक माझ्या गावच्या, बोरखेडीच्या शाळेला, मुलींच्या गाण्याच्या वर्गासाठी. वर्ग नसेल तर सुरू करावा.

२. ढोलकी माझा साथीदार अवधूत याला. ती गाडीच्या डिकीत टाकू नये.

३. बोरखेडीच्या पाटलांनी आम्हा मायलेकींना लग्नात मांडवाबाहेर उभे करून गायला लावले आणि भाकरी वरून हातात टाकली. पुढे लंडनचा हॉल माझ्या नावावर भरला, तेव्हा त्यांचाच नातू फोटोसाठी रांगेत होता. फोटो दिला. मनात राग नाही असे लिहिणार होते, पण खोट्याखाली सही कशाला करू? राग आहे. तो कोणालाही ठेवून जात नाही.

४. ज्या गाण्याने मला नाव दिले, ते माझी आई सरूबाई हिने दुसऱ्याच्या रानात खुरपता खुरपता रचले. आमच्या जलशाची रीत अशी की, शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचे नाव येते. आईला अक्षर येत नव्हते. तिचे नाव तेवढ्या एकाच जागी आहे. कॅसेट कंपनीने ते कडवे कापले. मी भांडले आणि पुन्हा त्यांच्याकडे गायले नाही. आता मनालीचा मुलगा सम्यक याने कार्डिफच्या स्टुडिओत तेच केले.

"आजी, लास्ट व्हर्स लाँग आहे. लोक स्किप करतो."

"स्किप करायला माझी आई काय ट्रामचा स्टॉप आहे?"

तो हसला. मला हसू आले नाही.

तरीही सर्व गाण्यांचे हक्क सम्यकलाच देते. गाणे पुढे नेण्याची धमक त्याच्यातच आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. अट एकच: कडवे कापून एकही गाणे बाहेर काढले, तर हक्क मनालीकडे जातील.

५. शोकसभेत भाषणे नकोत. ते गाणे पूर्ण म्हणावे. शेवटचे कडवे सम्यकने एकट्याने म्हणावे. मराठी अडखळले तरी चालेल. पणजीचे नाव मात्र मागच्या रांगेला ऐकू जाईल असे घ्यावे.

जय भीम.

सही: कांताबाई दादासाहेब वाहूळ

आमच्या दोघांच्या समोर सही केली. साक्षीदार: श्रीनिवास गोडसे, उर्वी तळेकर, दोघेही शेजारी. (यांना या पत्रात काहीही ठेवलेले नाही, तरी हौसेने आले.)

क्रॉयडन, ९ मार्च २०२५