गल्ल्यावरून उठलेली बायको

बाई, तुम्ही गेलात तेव्हा मी टोकियोत होते आणि तुमच्या हाताखाली सुरू केलेला प्रबंध कपाटात साड्यांखाली पडला होता. विषय तुम्हीच दिलेला: इंग्रज मध्यमवर्गाचा उदय आणि त्याच्या कादंबऱ्या. पहिलं प्रकरण तुम्ही पुण्यात तुमच्या स्वयंपाकघरात वाचलंत. मी कोथिंबीर निवडतेय, तुम्ही ओट्याला टेकून पानं उलटताय. मग म्हणालात, "हे सगळं गिरण्या आणि जहाजांचं झालं. अगं, व्यापारी वर चढला हे शेजाऱ्यांना कळलं कशावरून? त्याची बायको गल्ल्यावरून उठली आणि दिवाणखान्यात जाऊन बसली. तिथे वेळ जाईना, म्हणून कादंबरी वाचायला लागली, आणि कादंबरीत पुन्हा तीच! हे कुठेय तुझ्या प्रकरणात?" मला भयंकर राग आला होता. पण घरी जाऊन प्रकरण नव्याने लिहिलं.

नव्वदनंतर नवऱ्याच्या बँकेने त्याला बढतीवर जपानला पाठवलं. टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागात आम्ही बँकवाल्यांच्या पाच-सहा बायका दर बुधवारी सकाळी कुणा एकीकडे जमायचो. मी साहेबांची बायको, म्हणून चहा आधी मला. कुणी ठरवलं नव्हतं. मीही ऐटीत घ्यायचे, खोटं कशाला बोलू!

त्यांत एक साताऱ्याची मुलगी होती, तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्या हाताखाली. एका बुधवारी ती आली नाही. परत जाताना मी स्टेशनाजवळच्या बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या दुकानात शिरले, तर काउंटरमागे हीच, डोक्याला पांढरा रुमाल. मला बघून केवढी हसली! "ताई, पार्ट-टाइम लागलेय. काम करायच्या परवानगीचा कागदही काढला. आता बघा हं," म्हणत मालकिणीशी घडाघडा जपानी बोलून दाखवलं. मी डबा घेतला आणि हळूच म्हणाले, "छान गं. पण आपल्या बँकेच्या लोकांत हे बरं दिसत नाही. साहेबांच्या कानावर जाईल." साहेब म्हणजे माझाच नवरा, आणि त्याच्या कानावर घालणारी मीच.

पुढच्या बुधवारी ती सगळ्यांच्या आधी हजर. चहाही तिनेच केला. दुकानाचं काय झालं, मी विचारलं नाही. वर्षभराने त्यांची बदली झाली, आता ती कुठे असते मला माहीत नाही.

परत आल्यावर प्रबंध पुरा केला, त्याचं पुस्तकही निघालं. शेवटच्या प्रकरणात बेंतोच्या दुकानातली ती गोष्ट घातलीय, आजही हे असंच चालतं याचा दाखला म्हणून. लोकांना नेमकं तेच पान आवडतं. परवा एकीने विचारलं, "कोण हो ती साहेबीण?" मी म्हटलं, "होती एक." पुस्तकात मी नुसती रांगेत उभी राहून ऐकणारी आहे, बाई. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितेय. तुम्ही असतात तर पहिल्याच वाचनात ओळखलं असतंत. तुम्ही नव्हतात, म्हणून तर छापायचा धीर झाला.