माझ्या आमेनला उत्तर

रविवार, संध्याकाळ. रोहे.

गुडघा धरल्यापासून माझी चर्चची उपासना मोबाईलवरच. लेक म्हणतो, "आये, तीच गाणी, तोच संदेश. काय फरक पडतो?" फरक कसा नाय? घरात मी आमेन म्हणते, तर मांजर तेवढं मान वर करून बघतं. चर्चची मंडळी मला विसरली की काय, असंही मनात यायचं. कुणाला सांगणार?

आणि आज दुपारी सगळी मंडळीच माझ्या अंगणात! पुढे शेजारची सुनीता, हातात मडकं. "काकी, वालाच्या शेंगा आणल्यात. तुमच्याबिगर पोपटी लावायची नाय, असं ठरलंय."

"अगो, मग मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा पाला कुठाय?" मी खाटेवरून हुकूम सोडत बसले. मडकं भरलं, उपडं घातलं, पेंढा पेटवला. चर्चचे पाळक म्हणाले, शेंगा शिजेपर्यंत प्रार्थना करू. झालं! धाटावच्या कारखान्यांतल्या शिफ्टवाल्यांसाठी झाली, माझ्या गुडघ्यासाठी झाली, परीक्षेच्या पोरांसाठी झाली. डोळे सगळ्यांचे मिटलेले, पण नाकं उघडी ना! करपल्याचा वास यायला लागला. पाळकांना थांबवणार कोण? शेवटी मीच जोरात म्हटलं, "आमेन!"

सगळ्यांनी एका दमात "आमेन!" केलं आणि धावले मडक्याकडे. पाळक हसत म्हणाले, "आजी, आता दर रविवारी प्रार्थना आवरायला तुम्हीच या. आम्ही न्यायला येऊ."

मडक्याच्या कडेच्या शेंगा काळ्या झालेल्या, तरी एक उरली नाय.

एवढ्या आमेनची सवय नसलेलं आमचं मांजर मात्र माळ्यावर जाऊन बसलंय. अजून उतरलं नाय.