सासऱ्यांचं दार आणि गोल पलंग

मोम्बासा, सोमवार

तीर्थरूप अथमान भावजींना झुहुराचा सलाम. गुडघा कसा आहे? लामूत हल्ली गाढवावर बसून फिरता असं कळलं. गाढवाचीही खुशाली कळवावी.

शुक्रवारी सल्हाच्या लग्नाला आपण येणार नसल्याचा निरोप पोचला. सात वर्षांपूर्वी मी सासऱ्यांच्या कोरीव दाराला हिरवा रंग फासला म्हणून आपण घर सोडलंत, पुन्हा उंबरा न ओलांडण्याची शपथ घेतलीत, ती आता पुतणीसाठी कशाला मोडता! (माझे हे गेले तेव्हा आलात, पण गल्लीच्या तोंडापर्यंतच.) मी काही आग्रह करत नाही. नुसती हकिगत कळवते.

नव्या बंदरात कोणी न सोडवलेल्या कंटेनरांचा लिलाव होता. तिथे कुठल्याशा हॉटेलासाठी आलेला पलंग सल्हासाठी घेतला. गोल आहे, आणि एकसंध! हमालांनी आणला तो दारात अडकला. सुतार चेंगो म्हणाला, "झुहुराबाई, पलंग कापा, नाहीतर दार काढा." नवाकोरा पलंग कोण कापतं? दार काढलं, चौकटीसकट. पलंग अंगणात आला, पण खोलीत काही शिरेना. आता दोष कोणाचा म्हणाल, तर सासऱ्यांचाच. छताला घालायचा खारफुटीचा वासा जेवढा लांब तेवढीच आपली खोली रुंद, आणि हेच वासे त्यांनी गलबतं भरभरून अरबस्तानात विकले, म्हणजे तिकडच्यांनाही अरुंद खोल्यांत कोंबलं. (त्याच पैशांतून एवढं मोठं दार केलं. मोठी खोली करायचं काही सुचलं नाही.) दार सध्या गल्लीत भिंतीला टेकून आहे. जुन्या सामानाचा एक व्यापारी तीनदा येऊन त्यावर हात फिरवून गेला.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपा.
आपली, झुहुरा

ता. क. व्यापारी शुक्रवारी ट्रक आणतो म्हणतो. घरातले थोरले म्हणून विक्रीच्या कागदावर आपला अंगठा लागेल.

आणखी ता. क. सल्हानं पत्र वाचलं. म्हणाली, "आई, काकांचा जीव जाईल गं! खरं लिही." तर खरं लिहिते. व्यापारी वगैरे कोणी नाही, दाराचा खिळासुद्धा हललेला नाही. पलंग गल्लीतच आहे, आणि आपले जुने दोस्त त्यावर गोल बसून कॉफी पितात. माणसांसाठी आपण येत नाही, निदान दारासाठी याल असं वाटलं. बाप नाही, तेव्हा निकाहाला मुलीची कबुली विचारायची ती चुलत्यानं. पोरगी हटून बसलीय, काकांनी विचारलं तरच हो म्हणेन. हिरवा रंग मी माझ्या हातांनी खरवडलाय. नखं गेली माझी, भावजी. आलात की आधी दारालाच हात लावाल, माहीत आहे मला. मग तोच हात पोरीच्या डोक्यावर ठेवा.