तेजकेतूचे दुसरे शिरस्त्राण

सोमवार, ६ जानेवारी २०२५

माझे नाव लालासाहेब दत्ताजीराव साळुंखे. वय चौपन्न, शिक्षण बी.कॉम., राहणार सातारा, अविवाहित. एका दूध संघाच्या भांडार विभागातून गतवर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मिरजेस येण्याचे प्रयोजन एकच : आमच्या कॉलेजच्या दिवसांत दूरचित्रवाणीवर लागणाऱ्या मालिकेतील महानायक तेजकेतू याच्या शिरस्त्राणाची प्रतिकृती करवून घेणे. त्या कामाची ही रोजनिशी.

सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत रहिमानचाचांच्या कारखान्यावरची खोली भाड्याने घेतली आहे. खोली कोरडी, खिडकी पूर्वेस. खालून दिवसभर तारा जुळवल्याचा नाद येतो. मन फार प्रसन्न आहे. चाचांची सून तहरीम हिने आल्याआल्या चहा दिला आणि एवढा मोठा माणूस बाहुल्यांसाठी गाव सोडून आला, म्हणून तोंडाला पदर लावून हसली. या बाहुल्या नव्हेत, संग्राह्य प्रतिमा आहेत, असे मी तिला सांगितले.

माझ्या संग्रहात सहाशे अकरा वस्तू आहेत. महानायकांच्या मूर्ती, तलवारी, मुखवटे. सर्व मूळ वेष्टनात, एकही उघडलेली नाही.

कडेगावच्या वीरधवल यादवकडे जेमतेम दीडशे. तो माझा वर्गमित्र, दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास. वेष्टने फाडून मूर्ती पोरांना खेळायला देतो. पण लोक संग्रह पाहायला जातात ते त्याच्याच घरी, कारण चित्रीकरणात वापरलेले मूळ शिरस्त्राण त्याच्यापाशी आहे. मी ते एकोणीस वर्षे शोधत होतो. वीरधवलने त्या मालिकेच्या वृद्ध वेषभूषाकाराला गाडीत घालून रुग्णालयात पोचवले, आणि त्या गृहस्थाने ते त्याला देऊन टाकले. शोधले मी, आणि मिळाले त्याला.

गुरुवार, ९ जानेवारी

आज एक मोठी गोष्ट कळली. ते मूळ शिरस्त्राण चाचांच्या वडिलांनी याच कारखान्यात, तंबोऱ्याच्या भोपळ्यापासून केले होते. नटाच्या डोक्याला हलके हवे, म्हणून भोपळा. तो मधोमध चिरला. एका अर्ध्याचे शिरस्त्राण झाले, दुसरा अर्धा छताला टांगलेला अजून तसाच आहे.

मी तोच मागितला. चाचांनी मान हलवली. म्हणाले, "आवं सायेब, एका भोपळ्याची जोड दोन घरांत देत न्हाईत. एक बोलला की दुसरा बोलतो. दोन घरांत गेली की एकमेकांस्नी वडत राहतात."

मी त्यांना सांगितले की मूळ शिरस्त्राणही मी विकत घेतले आहे. दोन्ही माझ्याच घरी राहतील. हे असत्य आहे. चाचांनी दोनदा विचारले, मी दोनदा तेच सांगितले.

गुरुवार, ३० जानेवारी

शिरस्त्राण तयार झाले. आतून घेर एकोणसाठ सेंटिमीटर. माझ्या डोक्याचा सत्तावन्न. चाचांनी बजावले आहे की लाखेचे रोगण मुरेपर्यंत महिनाभर ते हलवायचे नाही आणि डोक्यावर घालायचे नाही. भोपळा अजून आवळतो आहे. हलवणार नाही. म्हणून महिनाभर इथेच मुक्काम.

शुक्रवार, ३१ जानेवारी

घातले. सायंकाळचे चार वाजले होते. आत प्रथम तारेसारखा नाद, मग स्पष्ट आवाज : वीरधवल कोणाला तरी म्हणत होता, "बस की रं गड्या, आधी शेंगा खा, मग दाखवतो."

त्याला तत्काळ फोन लावला. म्हणाला, पाहुण्यांबरोबर शेंगा खातोय, टोप घालून बसलोय, रोज चारला बसतोच. पोरं हसतात, पण लय भारी वाटतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पाच दिवस ऐकतो आहे. त्याच्याकडे रोज माणसे येतात. हसतात. त्याची पत्नी संयोगिता त्याला "आवं महानायक, चहा" अशी हाक मारते. मला चहासाठी कोणी हाक मारलेली नाही.

आज माझा विषय निघाला. कोणीतरी म्हणाले, त्या साताऱ्याच्या लालाकडे याच्या चौपट माल आहे म्हणे. वीरधवल म्हणाला, "व्हय, हाय की. पण बिचाऱ्यानं एकबी उघडून बघितलं न्हाई रं."

बिचारा. हा शब्द मी विसरणार नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

एक बोलला की दुसरा बोलतो. मग मीही बोलू लागलो. रोज चार वाजता, सावकाश, एकच वाक्य : ते तुझे नाही. काढून ठेव.

आज वीरधवलचा फोन आला. आवाज खोल गेला होता. म्हणाला, "लाला, टोपात कोणतरी बोलतंय. आवाज तुझ्यागत हाय. पण तू आसलं बोलणार न्हाईस, म्हाईत हाय मला." झोप नाही, जेवण जात नाही. मी विश्रांतीचा सल्ला दिला. फोन ठेवून बराच वेळ हसलो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वीरधवल गेला. काल चार वाजता, खुर्चीत, शिरस्त्राण डोक्यावर. हृदयविकार म्हणतात.

त्या वेळी मी बोलत होतो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

संयोगितावहिनींनी शिरस्त्राण माझ्याकडे पाठवले. सोबत चिठ्ठी : "लालाभावजींचा यात लय जीव हाय, त्यांनाच द्या, असं हे सारखं म्हणायचे."

त्याने मला फुकट दिले. हेही त्यानेच केले.

चाचांना समाधान वाटले. म्हणाले, सायेब बोलल्यापरमानं एका घरात आली जोड. आता सुटायची न्हाई.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दोन्ही टेबलावर समोरासमोर ठेवली आहेत. चार वाजता मी वीरधवलचे घातले. एकोणीस वर्षे — अखेर. आतून त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास येतो.

समोरचे, माझे, रिकामे होते. त्यातून आवाज आला. सावकाश. ते तुझे नाही. काढून ठेव.

तो माझा आवाज होता.

बुधवार, २६ फेब्रुवारी

वीरधवलच्या शिरस्त्राणाचा घेर मोजला. काल माझ्याइतकाच, एकोणसाठ होता. आज अठ्ठावन्न.
पुन्हा घातले. घालायचे नव्हते — चार वाजले आणि हात आपोआप —
तहरीम चहा घेऊन आली होती. मी तिला बस की म्हणालो, आधी शेंगा खा. मी शेंगा खात नाही. ती घाबरून खाली गेली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

निघत नाही. कानांवर आवळले आहे. चाचा करवत आणतो म्हणाले, पण भोपळ्याला हात लावताच मागे सरले. म्हणाले, आत दोघं हायेत.
समोरचे बोलते आहे. आता चारची वाट पाहत नाही. तेच वाक्य. माझ्याच आवाजात. किती मत्सर आहे त्या आवाजात — मला कधी ऐकू आला नव्हता —
संग्रहातील वस्तू : सहाशे अकरा. नाही. दीडशे. पोरं खेळत्यात त्यांच्याशी —

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

लिहीत राहायचे. अक्षर माझे आहे तोवर मी आहे. बी.कॉम., राहणार सातारा. अविवाहित — संयोगिता चहाला हाक मारतीय — नाही, अविवाहित —
डोकं लय दुखतंय. समोर कोण बसलंय रं? लाला, तूच हाईस न्हवं? आसा का बघतोस, घे की गड्या, सगळं घे, तुलाच तर —
मी पुन्हा नोंदवतो. मी ज्या प्रयोजनाने आलो — माझे नाव —

वीरधवल आनंदराव यादव
कडेगाव, २८ फेब्रुवारी २०२५