बातमीच्या खाली

सेलू,
६ जानेवारी २०२४

ती. सुरभीताईस,
धनंजयचा नमस्कार. भाऊजींनाही सांग.

तुझा जुना नंबर लागत नाही आणि नवा तू मला दिला नाहीस, म्हणून पत्र. किती वर्षांनी हातानं लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर भाऊजींकडून वाचून घे.

इकडे ठीक आहे. तूर निघाली, यंदा बरी झाली. आईचं प्रेशर ताब्यात आहे, पण गुडघा त्रास देतो. संडासात जाताना भिंत धरून धरून जाते. ईरा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज बसनं वर्ध्याला जाणं-येणं करते. आत्याची आठवण काढते.

आता मुख्य गोष्ट. मी माझ्या 'बोरकाठ' साईटवरच्या कमेंट बंद केल्या. एखाद-दुसऱ्या बातमीवरच्या नाही, सगळ्या. आता साईटवर बातमी वाचता येते, खाली कोणाला एक अक्षर लिहिता येत नाही. तशी सूचनाच टाकली आहे: 'प्रतिक्रियांतून होणारी व्यक्तिगत बदनामी थांबवण्यासाठी हा निर्णय.' लोकांनी चांगलं मनावर घेतलं. हिंगणीच्या पुंडलिकराव गुरुजींनी मुद्दाम फोन केला. म्हणाले, "धनंजयराव, बातमीवाल्यानं असंच वागावं." मी म्हटलं, गुरुजी, माझ्या घरातच जखम झाली आहे.

ऑगस्टात तू फोनवर म्हणाली होतीस, "धन्या, ते खालचं बंद कर, मले सहन नाई होत." तेव्हा मी तुला लोकांच्या आवाजाबद्दल काहीतरी ऐकवलं. ते चुकलं. जयवंताबाईचं बाळ गेलं त्या बातमीखाली लोक तुझ्यावर काय वाटेल ते लिहीत गेले आणि मी पाहत राहिलो. पण चौकशीत तुझी चूक निघाली नाही, हेही मी छापलं होतं. चार ओळी का होईना, छापलं. आणि आता तर मूळच बंद केलं. तुझ्यासाठी केलं, ताई.

झालं ते झालं. संक्रांतीला ये. आई रोज विचारते. तळेगावहून सकाळी निघालीस तर जेवायला पोचशील. मी स्टँडवर येईन.

तुझा धाकटा,
धनंजय


तळेगाव (श्यामजी पंत),
१२ जानेवारी

चि. धनंजय,

पत्र भेटलं. अक्षर लागलं, तुह्या भाऊजीले विचारा नाई लागलं.

आईच्या गुडघ्याले तेल लावून शेक देजो. संडासातल्या भिंतीले एक लोखंडी दांडा ठोकून घे. भिंत धरून धरून जाते म्हणून लिहितो, मंग पडाची वाट पाहून राह्यला का? एका दिवसाचं काम आहे.

कमेंट बंद केल्या म्हणतो. मी काल पाह्यलं. नवीन कोणाले लिहिता येत नाई, हे खरं आहे. पण माह्या बातमीखालच्या तशाच आहेत. तीनशे बारा. मी मोजल्या नाई, आकडा तुही साईटच दाखवते. त्यात एकानं मले कसाईण म्हटलं आहे, ते पण तसंच आहे. तू दार लावलं, अन् जे आत येऊन बसले ते बसलेच राह्यले.

तुले मालूम आहे तरी लिहितो, कारण तू अजून एकदाही माह्या तोंडून ऐकलं नाई. त्या मंगळवारी मी वस्तीवर गेलती. सातव्या महिन्यातल्या एका बाईले रक्त जाऊन राह्यलं होतं. तिले गाडीत घालून वर्ध्याले पाठवलं, तितक्यात आशाताईचा फोन आला का जयवंता कळा घेऊन आरोग्य उपकेंद्रात आली. मी वीस मिनिटात पोचली. स्कुटी दारात पडून गेली, उचलली पण नाई. लेकरू निघालं पण रडलं नाई. डॉक्टर मंग म्हणाले का ते आदल्या दिवशीच पोटात गेलं होतं. चौकशीत सगळं लिहिलं आहे. पण चौकशीचा कागद कोणी वाचत नाई.

जिचं लेकरू गेलं तिनं मले एक शब्द नाई म्हटला. पंधरा दिवसानं मी तिच्या घरी गेलती, तं तिनं चहा ठेवला. म्हणे, "बाई, तुमी तं घामाघूम होऊन आल्या होत्या. मी पाह्यलं ना." तिले वाचता येत नाई, धनंजय. तिच्या नावानं तीनशे लोकं रडले अन् तिले त्याचा पत्ता नाई.

अन् ज्या बायकांचे लेकरं मी या हातानं काढले त्या उपकेंद्रात येऊन विचारत, "दुसरी सिस्टर नाई का?" बावीस वर्षं झालती मले त्या गावात. मी बदली मागितली ती त्या तीनशे बारांपायी नाई. या चार-पाच बायकांपायी मागितली.

आता एकच विचारतो. तू म्हणतो माह्यासाठी बंद केल्या. माह्यावर लिहिलं ते ऑगस्टात. तुह्या सूचनेखाली तारीख आहे तीन डिसेंबर. मधात काय झालं? खरं सांगाचं असन तं लिहिजो. नाई तं आईची तब्येत तेवढी कळवत जाजो, बस.

संक्रांतीले येत नाई.

सुरभी


सेलू,
२३ जानेवारी २०२४

ताई,

दांडा ठोकला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मिस्त्री बोलावला. आई त्याला धरून जाते.

संक्रांत झाली. तुझ्या पत्रातला प्रश्न घेऊन मी आठ दिवस फिरलो. दोनदा उत्तर लिहिलं आणि दोन्हीदा त्यात मी बरा माणूस निघालो, म्हणून फाडलं.

कमेंट मी तुझ्यासाठी बंद केल्या नाहीत. ईरासाठी केल्या.

तीन डिसेंबरला, रविवारी, ईराला वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालं. मी फोटोसकट बातमी टाकली. बाप होतो, मोठा फोटो टाकला. दुपारी जेवताना तिचा मोबाईल वाजायला लागला. कोणी तिच्या कपड्यांवर लिहिलं होतं, कोणी ती कोणाच्या गाडीवर मागं बसते ते. एकानं तिच्या बसची वेळ लिहिली होती. मी ताटावरून उठलो, हात न धुता कॉम्प्युटरला बसलो आणि सगळं बंद केलं. तिच्या बातमीखालच्या सगळ्या कमेंट पुसल्या. दहा मिनिटं लागली असतील. वळून पाहिलं तर ती दारात उभी.

म्हणाली, "बाबा, आत्याच्या वेळेस हे बटण नव्हतं का?"

मी तिला म्हणालो, जेवून घे. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ती सूचना, तो 'व्यक्तिगत बदनामी'चा शब्द, ते सगळं मी त्याच रात्री लिहिलं. गुरुजींचा फोन आला तेव्हा मला खरंच वाटायला लागलं होतं की मी तुझ्यासाठीच केलं.

इथं थांबता आलं असतं. एवढंही तुला पुरलं असतं. पण खरं लिहायला सांगितलंस.

नवी बातमी टाकली की तिच्याखाली पहिली कमेंट मी स्वतः लिहायचो. वेगवेगळ्या नावांनी. रस्त्याची बातमी असो की पाण्याची, रिकामी जागा पाहून लोक पुढे जातात. एकानं लिहिलं की दुसरा लिहितो. मग साईटवर गर्दी दिसते, जाहिरातवाले थांबतात. दोन वर्षं मी हे करत होतो. कोणाला ठाऊक नाही.

त्या मंगळवारी तीन वाजता मी जयवंताच्या बाळाची बातमी टाकली. तुझं नाव नव्हतं त्यात. अर्धा तास खाली काहीच आलं नाही. तेव्हा 'एक त्रस्त नागरिक' या नावानं मी लिहिलं: 'बाळ जात होतं तेव्हा सिस्टर कुठे होत्या?'

एवढंच. एक प्रश्न. संध्याकाळपर्यंत दोनशे लोकांनी त्याचं उत्तर दिलं होतं.

आणि तू कुठे होतीस ते मला माहीत होतं, ताई. साडेअकराला तूच फोन केला होतास, आईच्या गोळ्या संपल्या का विचारायला. मागं बाया रडत होत्या. तू म्हणालीस, "मी वस्तीवर आहे, एक बाई अवघड आहे, ठेवतो." मी ते ऐकलं होतं. लिहिताना ते माझ्या डोक्यात होतं. विसरलो होतो असं मी म्हणू शकत नाही.

का लिहिलं, याचं उत्तर शोधतो आहे. गर्दी पाहिजे होती, हे एक. पण दुसऱ्या कोणाच्या बातमीवर मी असा नेमका प्रश्न घातला नसता. मी दुकान काढलं, बुडालं. कोचिंग काढलं, तेही. तुझ्या त्या गावात मी बातमीसाठी गेलो की म्हातारे खाट सरकवून म्हणायचे, "बसा, सिस्टरचे भाऊ आले." मला पन्नाशी आली, तरी मी सिस्टरचा भाऊ. त्या दिवशी ती ओळ लिहिताना आत कुठेतरी बरं वाटलं होतं. हे मी ईराला सांगू शकत नाही. तुला सांगतो आहे, कारण याच्याहून वाईट तुला माझ्याबद्दल कळायचं काही उरणार नाही.

सतरा तारखेला मी त्या बातमीखालच्या तीनशे अकरा कमेंट पुसल्या. पहिली ठेवली. तिच्यावरचं खोटं नाव काढून माझं पूर्ण नाव घातलं, धनंजय अण्णाजी उमाटे. खाली लिहिलं की सिस्टर त्या वेळी वस्तीवर दुसऱ्या बाईचा जीव वाचवत होत्या, हे मला सकाळी साडेअकरालाच ठाऊक होतं, आणि तरीही हा प्रश्न मीच विचारला. तेवढ्या एका पानावर कमेंट उघडल्या. मला वाटलं, आता लोक तुटून पडतील. पडू दे म्हटलं.

आईला मात्र साईट दिसत नाही, म्हणून तिला तोंडानं सांगितलं. सगळं सांगितलं, फोनचंही. ती तांदूळ निवडत होती. सुपातलं सगळं निवडून घेतलं. मग म्हणाली, "मले तळेगावले नेऊन दे." मी म्हटलं, आई, गुडघा असा, बसमध्ये कसं जमेल. ती म्हणाली, "तू नको येऊ. ईरा नेईल मले."

तर शुक्रवारी सकाळच्या एसटीनं ईरा तिला घेऊन येते आहे. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी आहे. गोळ्या महिन्याभराच्या दिल्या आहेत, चिठ्ठी पिशवीत आहे. आईनं पेटीतली लुगडी सगळी घेतली, म्हणजे ती महिन्याभरात परतणार नाही हे मला कळतं. तिच्यासाठी तिकडेही संडासात दांडा लागेल. भाऊजींना सांग.

त्या पानावर सहा दिवसांत एकच कमेंट आली. कोणी शिव्या दिल्या नाहीत. ज्यांनी तुला कसाईण म्हटलं त्यांच्यातला एकही परत आला नाही. कोणा अनोळखी माणसानं दोन शब्द लिहिले आहेत:

'कोणती सिस्टर?'

मी त्याखाली उत्तर लिहायला घेतलं, 'माझी बहीण', आणि पाठवायच्या आधी पुसलं. तो शब्द वापरायचा की नाही, हे आता तू ठरवायचं आहे. तू सांगेपर्यंत ती जागा रिकामी ठेवतो.

धनंजय