मंगळवारची खोली

३ जून

चि. थोरल्यास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या ठकीला घेऊन मंगळवारी सरकारी दवाखान्यात गेले, तर खोलीला कुलूप. कुठली खोली म्हणशील. मागच्या अंगणातली, जिथं उंच नर्सबाई जाड पोरांना दोरीवरच्या उड्या मारायला लावायची आणि आम्हा बायकांना स्वयंपाक शिकवायची. मला स्वयंपाक! पहिल्या दिवशी मी फणकारलेच. अन्न टाकू नये म्हणून मी ठकीला पोट भरल्यावरही ताट पुसून खायला लावते, हे ऐकून बाईनं माझी सगळ्यांसमोर खरडपट्टी काढली. पण हल्ली पोरगी धाप न लागता जिना चढायला लागली होती. मग मी तोंड मिटलं.

खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, तर म्हणाला, पोरीला आजार कुठाय, झाला की या. रक्तातली साखर अगदी काठावर आहे म्हणून डॉक्टरांनीच पाठवलं होतं, असं सांगितलं. तर म्हणे, काठावरच आहे ना. विहिरीच्या काठावर पोर उभं असलं तरी हा बाबा जांभई देईल.

तू आरोग्य खात्याच्या खर्च शाखेत खुर्ची उबवतोस. हे कुलूप कुणी लावलं ते बघ. आणि दर आठवड्याला बिस्किटं-चॉकलेटांचा खोका धाडणं थांबव. आईबाप लांब असल्याची भरपाई पोटातून होत नसते.

सूनबाईस आशीर्वाद. लोभ आहेच, सोबत थोडी अक्कल पाठवली आहे, ती ठेवून घे.

तुझी आई

११ जून

ती. आईस, शि. सा. न.

रागावू नकोस. ते कुलूप आमच्याच शाखेचं आहे, आणि बंद करायच्या खोल्या मीच निवडल्या. साखरेची औषधं, गुडघ्यांची ऑपरेशनं, डायलिसिस यांचा खर्च इतका फुगलाय की तातडीचं नसेल त्या सगळ्याला कात्री लावा, असा वरून हुकूम होता. ठकीला डॉक्टरकडे नेतेस एवढंच तू लिहिलं होतंस. ती याच खोलीत जाते, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. साहेबांशी बोलतो.

पोरीची आठवण आली की हात रिकामे ठेववत नाहीत, म्हणून खोका. यापुढे लहान पाठवीन. हिचा नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा थोरला

२० जून

चि. थोरल्यास, आशीर्वाद, यावेळी मोजकेच.

दुखण्यांचा खर्च वाढला म्हणून पोरांची खोली बंद? अरे शहाण्या, हीच पोरं उद्या त्या दुखण्यांच्या रांगेत उभी राहणार! गळणाऱ्या छपराखाली ठेवायला बादल्या घेतल्या, त्यात पैसे संपले, म्हणून छप्पर शाकारलं नाही, असं सांगणाऱ्याला माझ्या आईनं त्याच छपराखाली झोपवलं असतं.

शाळेत ठकीला पिंप म्हणतात. त्या खोलीत सगळीच पिंपं, म्हणून तिथं ती खिदळायची. आता एकटीनं उड्या मारायला लाजते, जिन्यात बसून राहते. तुझा लहान खोका पोचला. आधीच्यापेक्षा दोन बोटं कमी आहे म्हणून लहान म्हणायचा. मी फळीवर लपवला, तिनं स्टुलावर चढून काढला. तेवढाच व्यायाम.

साहेबाचं काय ते कळव. ममता आटलेली नाही, तापली आहे.

तुझी आई

९ सप्टेंबर

ती. आईस, शि. सा. न.

साहेबांना पटलं, हीच पंचाईत. म्हणाले, बरोबर आहे, पण खोलीचा फायदा दिसायला दहा-पंधरा वर्षं लागतील आणि आपल्याला जाब यंदाचा द्यायचाय. तोवर ते निवृत्त होऊन बागेत फिरत असतील. पुढच्या वर्षी पुन्हा मांडीन. खोका बंद केलाय. ठकी कशी आहे, तू लिहीत का नाहीस? दोन ओळी तरी धाड, शिव्यांच्या चालतील.

तुझा थोरला

२ डिसेंबर

चि. थोरल्यास, आशीर्वाद.

ठकीच्या साखरेनं काठ ओलांडला. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्या, बहुतेक जन्मभर. अकरा वर्षांची पोर.

तुमचं खातं मात्र तत्पर हो. त्याच कारकुनानं हसून लगेच कार्ड काढून दिलं. गोळ्या फुकट, डोळ्यांची तपासणी फुकट, पायांची फुकट. आजार झाला की या म्हणाला होता, शब्दाला जागला.

गोळ्या घ्यायला मागे पाठवलं. मंगळवारचीच खोली, आता औषधांचं कोठार झालीय. उंच नर्सबाई गोळ्या मोजून देते, माझ्याकडे बघेना. पोरांच्या उंचीच्या रेघा भिंतीवर तशाच आहेत, त्यांच्यापुढे छतापर्यंत औषधांची खोकी. ठकीला तिची रेघ सापडली, पण खोकी हलवल्याशिवाय तिथं उभं राहता येईना. तुला साहेबाला पाठवायचं असेल तर हेच पाठव.

तुमचं पुढचं वर्ष येईल तेव्हा येईल. मी दोरी आणली आहे. एक टोक मी धरते, दुसरं खिडकीच्या गजाला बांधते. पण गज दोरी फिरवत नाही. रजा काढून ये. येताना हात रिकामेच आण.

वाट बघणारी,
तुझी आई